बाद गड्यांच्या खुर्च्या

जवळ ये गो बाय. तू अबू धाबीत, मी इथं शारजात, रोल्ला भागात सातव्या मजल्यावर, तरी जवळ ये म्हणते. कारण हे कानात ते पांढरे बोंडले खुपसून, एक डोळा दुसऱ्या मोबाइलवर ठेवून ऐकायचं नाही. म्हणून तर लिहून पाठवते आहे. परवा फोनवर काय म्हणालीस? "मावशीआजी, आमचं कॉलेज मोठ्या लीगमध्ये जातंय. छोट्या कॉलेजेसना काढून टाकलं. इट्स जस्ट बिझनेस." आणि वर हसलीस. मी तेव्हा कुकरची शिट्टी झाली म्हणत फोन ठेवला. खरं तर कुकर लावलेलाच नव्हता. रागावले होते. बहिणीची नात म्हणून लाड करते, पण तू कबड्डी खेळतेस म्हणजे तुला कबड्डी कळते, असं काही मी धरून चालणार नाही हो.

जिला कळत होती, ती बाई आमच्याकडे भाड्यानं राहायची. आतल्या खोलीत, जिथं आता माझी इस्त्री आणि लोणच्याच्या बरण्या आहेत. तू तेव्हा लहान होतीस, एकदा आली होतीस तर त्यांनी तुझा दंड दाबून बघितला होता आणि म्हणाल्या होत्या, "पकडीला बरी आहे." तू रडायला लागलीस. आठवतं का?

सगळे त्यांना मॅडमच म्हणायचे. मीही. कोल्हापूरकडच्या. तिकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात, तशाच बोलायच्या आणि इतक्या वर्षांत इथल्या एकाही सुशिक्षित माणसाची त्यांना ते सुधारायची हिंमत झाली नाही. दुबईत एका मोठ्या कॉलेजात खेळाच्या शिक्षिका. खोली बघायला आल्या तेव्हा गळ्यात शिट्टी. लोक पहिलं भाडं विचारतात, मग एसी, मग वायफाय. यांनी विचारलं, "वहिनी, सकाळी बाथरूमला पहिलं कोण जातं?"

मी म्हटलं, "ज्याला घाई असेल तो."

"तसं चालत नाही. घाई सगळ्यांनाच असते. जो आधी बाद, तो आधी आत."

मला वाटलं बाईचं डोकं ठिकाणावर नाही. मग कळलं की तो कबड्डीचा नियम. तुला माहीत आहे, पण तू हे तुझ्या आईला वाचून दाखवशील म्हणून लिहिते: बाद झालेले गडी मॅटच्या कडेला रांगेनं बसतात. आपल्या बाजूनं समोरचा एक गडी मारला की आपला एक बाद गडी जिवंत होऊन परत आत येतो. पण कोणता? कॅप्टनच्या आवडीचा नाही, ताकदीचा नाही. जो सगळ्यात आधी बाहेर गेला, तो.

हा नियम मॅडमनी आमच्या घराला लावला. सकाळी जो घरातून आधी बाहेर पडला, त्याला संध्याकाळी आधी अंघोळ, आधी गरम भाकरी. आमचे हे तेव्हा तुझ्या अबू धाबीकडे, मुसफ्फ्यात वर्कशॉपला, तिकडेच कंपनीच्या खोलीवर राहायचे आणि शनिवारी घरी यायचे. पहिल्या शनिवारी दारात उभे, घामानं भिजलेले, आणि घरात बाथरूमसमोर आम्ही दोघीतिघी. मॅडम उठल्या नि मोठ्यानं म्हणाल्या, "सरका सगळ्या! ते सोमवारपासून बाहेर बसलेत." हे अंघोळीला गेले ते गाणं म्हणतच बाहेर आले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्या घरात आपला पहिला नंबर आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं गो. मीसुद्धा नाही. त्यानंतर मॅडमच्या विरुद्ध बोलायची सोय राहिली नाही.

आणि लिफ्ट! ते तर आख्ख्या बिल्डिंगला माहीत. दम वाढवायचा म्हणून मॅडम तळमजल्यावर लिफ्टचं दार लागलं की 'कबड्डी कबड्डी' सुरू करायच्या ते सातवा मजला येईपर्यंत एका श्वासात. मधेच कुणी बटण दाबलं, लिफ्ट थांबली, दम तुटला, की उतरायचं नाही. परत खाली. परत पहिल्यापासून. चौथ्या मजल्यावर एक इजिप्शियन कुटुंब होतं, त्यांची बाई आधी घाबरायची, मुलांना मागं ओढायची. मग तिला सवय झाली. लिफ्ट थांबलीच तर स्वतःच ओशाळून म्हणायची, "सॉरी मदाम, सॉरी," आणि नंतर नंतर तर मुलं दाराशी उभी राहून 'चला, चला' म्हणून अरबीत ओरडायची, "यल्ला मदाम, यल्ला!" वाण्याच्या दुकानातला पोरगा सामान घेऊन वर आला की मला विचारायचा, "चाची, मैडम ऊपर पहुँच गईं कि अभी चल रही हैं?"

एक गोष्ट मात्र त्यांच्यासमोर करायची नाही. दिरहमाचे रुपये. तुला माहीत आहे आपली सवय, कोथिंबिरीची जुडी घेतली तरी मनात गुणाकार आणि तोंडानं "बाप रे, गावाला एवढ्यात आठवडा निघेल!" मॅडम चिडायच्या. "वहिनी, या मॅटवर खेळता ना? मग गुण या मॅटवरचे मोजा की. त्या मॅटवरचे कशाला?" मी म्हटलं, "तुम्हाला कोण आहे तिकडे पैसे पाठवायला, तुम्हाला काय!" बोलून गेले. त्या हसल्या फक्त. एकट्याच होत्या. एक भाऊ गडहिंग्लजला, तोही शेजाऱ्यासारखा.

आता लीगचं सांगते, कारण तुझ्या त्या बिझनेसचं उत्तर तिथं आहे.

इथल्या सहा कॉलेजांची मुलींची कबड्डी मॅडमनी उभी केली होती. मोठं कॉलेज त्यांचं स्वतःचं, त्याच्याकडे एसी हॉल आणि मॅट. दोन मध्यम. आणि तीन अगदी चिल्लीपिल्ली: एक नर्सिंगचं, एक हॉटेलचं आणि एक कॉमर्सचं, जे एका इमारतीच्या दीड मजल्यात होतं. नर्सिंगच्या बहुतेक मुली केरळच्या. हॉस्पिटलची ड्यूटी करून, केस तसेच घट्ट बांधलेले, धावत यायच्या. सात मुली लागतात आणि सातच असायच्या. एकीला ताप आला की टीम संपली.

पैसे म्हणशील तर मसाल्याचा दुकानदार, एक फोटोकॉपीवाला, सोन्याच्या दुकानातला एक मॅनेजर, असे जे देतील ते आणि सामन्याच्या दिवशी मी लावायचे त्या वडापावच्या स्टॉलची कमाई. खर्च जाऊन उरेल त्याचे सहा सारखे भाग. पहिला आलेल्याला जेवढा, तेवढाच शेवटच्याला. नर्सिंग कॉलेजात खेळाला वेगळा पैसाच नव्हता. हा वाटा आला तर त्यांची बस, नाही तर टीम बंद. एवढं साधं होतं ते.

मोठ्या कॉलेजचे डायरेक्टर मुंबईचे. वाईट माणूस नव्हे हो, सूटबूट, बोलणं गोड. एकदा फायनलच्या दिवशी माझ्या स्टॉलसमोरच मॅडमना म्हणाले, "मॅडम, क्राउड आपल्या मुलींना बघायला येतं. हॉल आपला. चॅम्पियन आपण. मग नर्सिंगला आपल्याएवढाच शेअर, हे लॉजिक मला समजवा."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, रिकाम्या मॅटवर आपल्या मुली चढाई कुणावर करणार?"

साहेब हसले, वडापाव घेतला. पण त्यांच्या कपाळावरची आठी मी बघितली होती.

आणि या लीगची एक रीत होती, ती फक्त मॅडमच्याच डोक्यातून निघू शकते. सामना झाला की दोन्ही टीमनी एकत्र जेवायचं. जेवण माझ्याकडून. आणि जेवण काय, हे हरलेल्या टीमच्या कॅप्टननं ठरवायचं. "जिंकलेल्यांना कप मिळतो," मॅडम म्हणायच्या. "हरलेल्यांना काहीतरी मिळायला नको?" त्यामुळे निकाल मला फोनवर कळायचा, तोही स्कोअर न विचारता. "आंटी, फिश करी" आलं की नर्सिंग हरलं. हॉटेल कॉलेजच्या मुली हरल्या की काहीतरी फ्रेंच नाव सांगायच्या, मी म्हणायची "इन्शाल्ला" आणि पुलाव करायची. मोठं कॉलेज कधी हरायचंच नाही. त्यांच्या कॅप्टनचा नंबर माझ्या फोनमध्ये नुसता पडून होता. पुण्याची मुलगी, उंच, चढाईला गेली की साप सळसळावा तशी.

मग ती चकचकीत लीग आली. कुणी इव्हेंटवाले होते. बडी बडी कॅम्पस, टीव्हीसारखं लाइव्ह, पाठीवर नावं, धुराची मशिनं. मोठ्या कॉलेजला बोलावणं आलं, दोन्ही मध्यम कॉलेजांना आलं. तिघा छोट्यांना नाही. आणि वाटणी अशी की पहिल्याला सगळ्यात मोठा हिस्सा, मग उतरत उतरत, आणि शेवटच्याला आभाराचं पत्र. डायरेक्टरांनी छोट्यांच्या मुलींसमोरच म्हटलं, "लहान कॉलेजमुळे लेव्हल खाली येते, लेट्स बी ऑनेस्ट." नर्सिंगची कॅप्टन तिथंच उभी होती.

त्या संध्याकाळी मॅडम लिफ्टनं मुकाट्यानं वर आल्या. एक कबड्डी नाही. मी कोळंबी सोलत होते. समोर बसल्या आणि त्याही सोलायला लागल्या.

मी म्हटलं, "नाही म्हणा. सोडा ते कॉलेज."

"आणि जाऊ कुठं? व्हिसा त्यांचा आहे वहिनी. आणि नोकरी सोडली तर माझ्या पोरींना मॅटवर कोण नेणार, तो धुरवाला? पगार घेतो त्यांचा. ते म्हणतील तिथं पोरी नेणार. चांगल्या खेळवणार."

"मग त्या नर्सिंगच्या पोरींचं काय?"

"ही नवी लीग शनिवारची. त्यांचा रविवार आहे की."

"आणि तुमचा?"

"माझाबी रविवारच आहे."

मला इतका राग आला होता. मला वाटलं, एवढी सिंहासारखी बाई, आणि व्हिसाच्या कागदापुढं मान टाकली. तसं बोललेही मी. त्यांनी कोळंबीची परात माझ्याकडे सरकवली आणि आत गेल्या.

पण रविवारी मला घेऊन गेल्या. दुबईतल्या ऊद मेथा भागात एका शाळेचा हॉल, सकाळपुरता मिळवला होता. मॅट नव्हती तर कुणाच्या ओळखीनं पातळ फोमचे तुकडे आणून जोडले होते. तीनच टीम. आणि कडेला, बाद गडी बसतात त्या जागेवर, तीन रिकाम्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या. प्रत्येकीच्या पाठीला कागद चिकटवलेला, कॉलेजचं नाव लिहिलेला. मांडल्या होत्या त्याही क्रमानं: पहिली मोठ्या कॉलेजची, कारण ते पहिलं गेलं, मग बाकीच्या दोन.

हॉटेल कॉलेजच्या मुली खीखी हसायला लागल्या. नर्सिंगची कॅप्टन हसली नाही. काळीसावळी, बुटकी, डोळे असे की तापमान घेतल्याशिवाय ताप सांगेल. म्हणाली, "मैडम, ये क्या है? वो लोग चले गए।"

"गए नहीं. बाद हुए हैं."

"खुद गए, मैडम."

"खुद गए तो भी बाद ही हुए ना! बाद गडी की जगह कोई लेता नहीं."

 आणि खुर्च्यांवर थांबल्या असत्या तर ठीक होतं. महिना सरता मसालेवाल्यानं पैसे दिले, पहिल्यापेक्षा कमीच, आणि मॅडमनी त्याचे तीन नाही, सहा भाग केले! तिघांचे तिघांना दिले आणि उरलेली तीन पाकिटं माझ्या फ्रीजवर आणून ठेवली. नर्सिंगची कॅप्टन माझ्या घरी आली, चप्पल न काढता दारातच उभी. "आंटी, आप बोलो इनको. बस का पूरा नहीं पड़ रहा, और ये उनके लिए रख रही हैं जिन्होंने हमारी तरफ देखा भी नहीं!"

आणि बाय, खरं सांगते, मी त्या मुलीच्या बाजूनं बोलले. चांगलं तावातावानं बोलले. हा कुठला न्याय? उपाशी पोरीच्या ताटातलं काढून जेवून गेलेल्यांसाठी झाकून ठेवायचं?

मॅडमनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "बसचं मी बघतो."

कसं बघितलं माहीत आहे? दुसऱ्या दिवशी आपली ट्रंक उचलली आणि आतली खोली सोडून बाल्कनीला लागून जो फळ्यांचा आडोसा होता ना, जिथं हे सायकल ठेवायचे, तिथं गेल्या. कमी भाड्यात. आतली खोली मी दोन नोकरीच्या मुलींना द्यावी म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, राहू द्या ते भाडं, मी काय तुम्हाला हाकलते आहे का? ऐकतील तर ना. "वहिनी, तुमचा वाटा तुमचा." उरलेल्या पैशात नर्सिंगची बस सुरू राहिली. कॅप्टनला हे मीच सांगितलं. मॅडमनी नको म्हटलं होतं तरी सांगितलं.  तेव्हापासून ती आमच्या दारात चप्पल काढायला लागली.

शनिवारी मॅडम त्या धुराच्या लीगमध्ये. रविवारी फोमच्या तुकड्यांवर. दोन्हीकडे तेवढाच आवाज, तेवढीच शिट्टी. एकदा मीही गेले होते चकचकीत बघायला. सोफे होते, बाय, सोफे! कबड्डी बघायला! मॅडम कोपऱ्यात उभ्या. मुलींना जेवणाचे डबे मिळाले, जिंकलेल्यांना तेच, हरलेल्यांना तेच, प्रत्येक जण आपापला डबा घेऊन भिंतीकडे तोंड करून खातोय.

आणि एका शनिवारी माझा फोन वाजला. तो नुसता पडून असलेला नंबर. मोठ्या कॉलेजची कॅप्टन.

"काकू... वी लॉस्ट."

 मला आधी, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं.

मग ती म्हणाली, "म्हणजे, सॉरी, मला माहितीये इथं तसं नसतं. पण आम्ही हरलो तर... मी मेन्यू सांगू शकते का?" आणि मुलगी रडायला लागली. कधी हरलीच नव्हती गो, हरल्यावर काय करतात ते तिला एवढंच माहीत होतं की काकूंना फोन करायचा.

"सांग," मी म्हटलं.

"साबुदाण्याचे वडे."

हे मुसफ्फ्याहून नुकते येऊन टेकले होते. दोघांनी मिळून तळले. मॅडम डबा घ्यायला आल्या तर मला म्हणाल्या, "हिचा पहिलाच फोन ना?" आणि शिट्टीचा गोफ हातात गुंडाळत बसल्या. मी त्यांना इतकं खूश त्या वर्षात पहिल्यांदाच बघितलं. हरल्यावर!

सीझन संपला आणि इव्हेंटवाल्यांनी मुलींची कबड्डी बंद केली. प्रायोजकाला फुटबॉल पाहिजे होता म्हणे. खलास. मोठ्या कॉलेजच्या मुलींना आता ना ही लीग ना ती. डायरेक्टरांनी मॅडमना बोलावलं आणि म्हणाले, "आपली जुनी लीग परत सुरू करू, हॉल देतो." मॅडम म्हणाल्या, "माझी नाही साहेब. तिघांची आहे. त्यांना विचारा. रविवारी या."

आणि आले बरं का. त्या शाळेच्या हॉलमध्ये, बूट काढून, मोज्यांवर उभे. मागं दारात त्यांच्या मुली, उंच कॅप्टन सगळ्यात मागं, भिंतीला चिकटून. मी जेवणाची पातेली लावत होते, सगळं समोर दिसत होतं.

नर्सिंगच्या कॅप्टननं स्पष्ट विचारलं. "सर, आपने कहा था हम लोगों से लेवल गिरता है।"

"हो, मी... दॅट वॉज अनफॉर्च्युनेट."

"तो अब?"

हॉटेल कॉलेजच्या मुली म्हणाल्या, घेऊ नका. कॉमर्सच्या म्हणाल्या, घ्या, पण वाटा देऊ नका, एक वर्ष शिक्षा. सगळ्यांनी मॅडमकडे पाहिलं. त्या काहीतरी बोलतील, आपल्या पोरींसाठी हात जोडतील, किंवा डायरेक्टरना चार शब्द सुनावतील. मला स्वतःला तर वाटत होतं सुनावावेतच.

मॅडमनी गळ्यातली शिट्टी काढली, कॉमर्सच्या एका मुलीच्या हातात दिली. आणि चालत गेल्या, आणि त्या पहिल्या खुर्चीत जाऊन बसल्या. मोठ्या कॉलेजच्या. पाठीमागं कागद, हात गुडघ्यांवर. बाद गडी बसतो तशा.

"मॅडम, आप बोलिए ना," कुणीतरी म्हणालं.

"बाद गडी बोलता नहीं. बैठता है."

वर्षभर त्याच तर लीग चालवत होत्या, बाय. खुर्च्याही त्यांनीच मांडल्या. पण नोकरी ज्या कॉलेजची त्याच्या खुर्चीत जाऊन बसल्या आणि निकाल त्या पोरींवर सोपवला. त्या पोरी नाही म्हणाल्या असत्या तर मॅडम तिथंच बसून राहिल्या असत्या, मला शंभर टक्के माहीत आहे.

नर्सिंगच्या कॅप्टननं त्यांच्याकडे पाहिलं. मग वळली आणि म्हणाली, "मॅच शुरू करो।" नर्सिंग विरुद्ध हॉटेल. पहिली चढाई तिचीच. कबड्डी कबड्डी करत गेली, वाकली, डावीकडे फसवलं, उजव्या कोपऱ्यातल्या मुलीच्या पायाला टोकाचं बोट लावलं आणि मध्यरेषेवर लोटांगण घालून परत. गुण. कॅप्टननं उठून आपल्या टीमकडे पाहिलं नाही. धापा टाकत सरळ खुर्च्यांकडे आली.

"पॉइंट आया, मैडम," म्हणाली. "जो पहले बाहर, वो पहले अंदर। आइए।"

आणि हात पुढं केला.

मॅडम उठल्या. डोळे पुसले नाहीत, त्या तसल्या नव्हत्याच. मागं वळून नुसतं ओरडल्या, "ए, भिंतीला काय चिकटलीस? आत ये की! तुला बोलावलंय!" ती उंच पुण्याची मुलगी दारातून पळत आली आणि दोघी कॅप्टन तिथंच एकमेकींच्या गळ्यात. मी पातेल्याचं झाकण कुठं ठेवलं ते मला आजतागायत आठवत नाही.

बाकीची दोन कॉलेजं पुढं आली. आली त्या क्रमानं नव्हे, गेली त्या क्रमानं आत घेतली. एकानं आधी अर्ज केला होता, तरी त्याला थांबवलं. फ्रीजवरची पाकिटं ज्याची त्याला दिली. डायरेक्टरांना काही कळेना. "हे कशाचे?" मॅडम म्हणाल्या, "तुमचा वाटा. बाहेर बसला होता की वर्षभर." साहेबांनी ते पाकीट खिशात घालायला फार वेळ घेतला. आणि तिथून पुढं सहा सारखे भाग या गोष्टीवर त्यांनी लॉजिक विचारलं नाही. नर्सिंगची बस मात्र पुढच्या वर्षीपासून मोठ्या कॉलेजच्या गॅरेजमधून सुटायला लागली.

मॅडम वयानं निवृत्त झाल्या, गडहिंग्लजला गेल्या. जायच्या दिवशी ट्रंक घेऊन लिफ्टमध्ये शिरल्या. मी, हे, निरोपाला वर आलेली चौथ्या मजल्यावरची सगळी मंडळी. सातव्यावरून खाली, एका दमात. उलटं कधी केलं नव्हतं म्हणे. कुणी कुठल्या मजल्यावर बटण दाबलं नाही. आख्खी बिल्डिंग तेवढ्या वेळात जिन्यानं गेली. आणि तो आडोसा मी अजून मोडलेला नाही. हे म्हणतात, सायकल ठेवू. मी म्हणते, ठेवा, पण मॅडम आल्या तर सायकल आधी बाद.

अशी बाई माझ्या घरात राहिली. मला विचारशील तर मी इथं एवढी वर्षं काय केलं, तर सोनं नाही केलं, गावाला मजले नाही चढवले. मी त्या लीगचा स्वयंपाक केला. हे मी कुणालाही मान वर करून सांगते.

म्हणून तुझं ते हसणं मला टोचलं. तुमच्या कॉलेजनं ज्यांना काढलं, त्यांच्या मुली कुठं बसल्या आहेत ते बघितलंस का? तू कॅप्टन आहेस. तू मीटिंगमध्ये उभी राहून निदान विचार, की यांच्या खुर्च्या कुठं मांडायच्या? एवढं विचारलंस तरी मॅडमनी तुझा दंड उगीच नाही दाबला असं मी म्हणेन.

नर्सिंगची ती कॅप्टन आता इथंच मोठ्या हॉस्पिटलात आहे, रविवारी शिट्टी तिच्या गळ्यात असते. सहाची आता सात कॉलेजं झाली. येत्या रविवारी सामना आहे आणि माझा फोन वाजायचाच आहे. तू शनिवारीच ये. बस रोल्लाजवळच थांबते, हे घ्यायला येतील. वर येताना चौथ्या मजल्यावर लिफ्ट थांबली तर चिडू नकोस, म्हातारी झाली आहे ती इजिप्शियन बाई, तिला सलाम कर. आणि तुझ्या त्या मोठ्या लीगमध्ये तोवर हरली असशील, तर दारातूनच सांग काय करू ते. किती महिने झाले, बाहेर बसली आहेस गो. आधी तूच आत ये.